पगार तुमचा, मग कैदी कुणाचा?

दक्षिण इराकमधल्या अमारा शहरातून ८ ऑक्टोबर २०१९ रोजी एका तरुण वकिलाला हत्यारबंद माणसांनी उचलून नेलं. बगदादपासून बसऱ्यापर्यंत तेव्हा तरुण पोरं रस्त्यावर उतरली होती आणि हा वकील आंदोलकांच्या बाजूने उभा राहत होता. त्याच्या वडिलांनी मुलाचा शोध सोडला नाही. ते वार्ताहरांशी बोलले, न्यायालयात गेले, ज्या सशस्त्र गटावर त्यांचा संशय होता त्याच्याकडे त्यांनी उघडपणे बोट दाखवलं. १० मार्च २०२१ रोजी त्याच अमारात त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आलं. मुलगा तोवर परतला नव्हता.

घरातल्या माणसाला बंदूकवाल्यांनी नेलं तर काय करावं, हा प्रश्न निघाला की मला आधी हा बाप आठवतो. आवाज उठवा, हे दुरून सांगणं फार सोपं असतं. ज्याने उठवायचा त्याचं घर त्या बंदूकवाल्यांच्याच गल्लीत असतं. तरीही मी आज आवाज उठवण्याच्याच बाजूने लिहिणार आहे. फक्त तो कुणी उठवायचा आणि कुणाच्या दारात उभं राहून, एवढं नीट सांगायचं आहे. कारण अशा वेळी माणसं बहुधा चुकीच्या दारात उभी केली जातात.

एलिझाबेथ त्सुर्कोवचं प्रकरण घेऊ. रशिया आणि इस्रायल या दोन देशांची नागरिक, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डॉक्टरेट करणारी ही अभ्यासक संशोधनासाठी रशियन पासपोर्टवर बगदादला गेली होती. अपहरणाच्या काही दिवस आधी तिच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली होती. २१ मार्च २०२३ रोजी करादा या गजबजलेल्या भागातून तिचं अपहरण झालं. तिला नेणारा गट ‘कताइब हिजबुल्ला’ हा इराणच्या पाठिंब्यावरचा इराकी शिया सशस्त्र गट होता. सुरुवातीचे महिने सगळं गुपचूप ठेवण्यात आलं. जुलै २०२३ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधान कार्यालयाने जाहीर केलं तेव्हा जगाला कळलं. त्यानंतर तिची बहीण एमा हिने अमेरिकेत मोहीम उघडली. अधिकारी, लोकप्रतिनिधी, वर्तमानपत्रं, परिसंवाद, जिथे दार उघडेल तिथे ती गेली. पण रोख तिने कुठे ठेवला, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अपहरण करणाऱ्यांच्या माणुसकीला हाक मारण्यात तिने वेळ घालवला नाही. तिने इराकच्या पंतप्रधानांना धरलं. हे लोक तुमच्या तिजोरीतून पगार घेतात, मग माझी बहीण कुठे आहे हे तुम्हीच सांगा, असा तिचा सरळ हिशेब होता.

९ सप्टेंबर २०२५ रोजी, ९०३ दिवसांनी, एलिझाबेथ सुटली. आपल्याला टांगून मारहाण झाली, विजेचे झटके दिले गेले, हे तिने नंतर स्वतः सांगितलं. ही सुटका केवळ बहिणीच्या आवाजामुळे झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तोवर अमेरिकेचा दबाव वाढला होता, त्या प्रदेशातली सगळी समीकरणं हलली होती. पण अडीच वर्षांत हे प्रकरण विस्मरणात गेलं नाही, इराकी नेत्यांशी होणाऱ्या बोलण्यात तिचं नाव निघत राहिलं, याचं श्रेय त्या बहिणीच्या चिकाटीला द्यावंच लागेल.

आता त्या पगाराबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे.

१० जून २०१४ रोजी उत्तर इराकमधलं मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडलं. इराकचं लष्कर अक्षरशः पळालं. तीनच दिवसांनी शिया धर्मगुरू अयातुल्ला सिस्तानी यांनी देश वाचवण्यासाठी शस्त्र हाती घ्या, असा फतवा काढला आणि हजारो स्वयंसेवक पुढे आले. त्यांची आणि आधीपासून असलेल्या सशस्त्र गटांची मिळून ‘हशद अल-शाबी’ ही लोकसेना उभी राहिली. त्यातले कितीतरी जण त्या लढाईत मेले. त्यांचं ऋण इराकी माणूस मानतो ते उगाच नाही. पण लढाई सरत आली तरी गट राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये संसदेने कायदा करून हशदला देशाच्या सशस्त्र दलांत सामावून घेतलं. सरसेनापती पंतप्रधान. ‘कताइब हिजबुल्ला’च्या ताब्यातल्या ४५, ४६ आणि ४७ क्रमांकाच्या ब्रिगेड त्या हशदमध्येच मोडतात. २०२३ च्या इराकी अर्थसंकल्पात हशदच्या सुमारे २ लाख ३८ हजार जणांच्या पगाराची तरतूद होती.

म्हणजे इराकचे पंतप्रधान जेव्हा सांगतात की आम्ही तपास करतो आहोत, तेव्हा तो तपास त्यांच्याच हजेरीपटात करायचा असतो. ब्रिगेडला क्रमांक आहे, तिला पगार जातो, तिच्या छावण्या आहेत. माणूस मात्र सापडत नाही. विचारलं की हात वर. ‘ते आमचं ऐकत नाहीत.’ आणि त्या गटाला विचारावं तर तो म्हणतो, आम्ही स्वतंत्र प्रतिकारक आहोत, सरकारशी आमचा संबंध काय? पगाराच्या दिवशी सरकारी, कैद्याच्या दिवशी स्वतंत्र.

मराठी वाचकाला हे अगदीच अनोळखी वाटू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे-होळकरांच्या फौजांमागून पेंढारी चालत. लूट त्यांची, सोय सरदारांची. रयतेने तक्रार केली की ती माणसं आमची नव्हेत, असं म्हणायला सरदार मोकळे. आपल्या इतिहासातलं हे पान आपण फारसं उघडत नाही. पण गाव जळालेल्या माणसाला त्या वेळी काय वाटत असेल, ते अमाराच्या बापाने पुरतं ओळखलं असतं.

आणि इतकं मागे जायचंही कारण नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या आताच्या विजापूर जिल्ह्यात २००५ मध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झालं. नक्षलवाद्यांशी लढायला म्हणून गावातल्याच पोरांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ करून हातात बंदुका दिल्या, सरकारी तिजोरीतून मानधन सुरू केलं. गावं उठवली गेली, माणसं शिबिरांत कोंबली गेली, घरं जळाली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुका घटनाबाह्य ठरवल्या आणि त्या बंदुका परत घ्यायला सांगितलं. त्या निकालामागचा विचार साधा होता. नागरिकांचं रक्षण ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती अर्ध्या शिकलेल्या, तुटपुंज्या मानधनावरच्या पोरांच्या खांद्यावर टाकून सरकारला मोकळं होता येत नाही. बगदादला उपदेश करण्याआधी आपल्या अंगणातलं हे उदाहरण आठवायला हवं, आणि आपल्या न्यायालयाने ते थांबवलं हेही.

आंतरराष्ट्रीय कायदा इथे गुळमुळीत नाही. माणसं बेपत्ता करण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला. त्याच्या दुसऱ्या कलमातच व्याख्या आहे. सरकारी माणसांनी उचललं तर तो गुन्हा आहेच. पण सरकारच्या परवानगीने, पाठिंब्याने किंवा नुसत्या मूक संमतीने कुठल्याही गटाने कुणाला उचललं आणि मग हात झटकले, तर तेही त्याच गुन्ह्यात बसतं. त्यापुढचं कलम सांगतं की असा काहीही संबंध नसला तरी तपास करण्याचं आणि गुन्हेगारांना न्यायालयापुढे उभं करण्याचं काम सरकारचंच. इराकने हा करार २०१० मध्ये स्वीकारला. म्हणून ‘ते आमचं ऐकत नाहीत’ या उत्तराला कायद्यात जागाच नाही. ऐकत नसतील तर पगार का देता, हा पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यावर घेत नाही. इराकचं सरकार खरोखर दुबळं आहे, त्याला फार ताणलं तर तेच मोडेल, असं तिथले प्रामाणिक लोकही म्हणतात. जून २०२० ची गोष्ट आहे. तेव्हाचे पंतप्रधान मुस्तफा अल-काझिमी यांनी दहशतवादविरोधी पथक पाठवून बगदादच्या दोरा भागात ‘कताइब हिजबुल्ला’च्या चौदा जणांना पकडलं. काही दिवसांतच ते सुटले आणि पंतप्रधानांच्या छायाचित्रांवर पाय देत असल्याचे त्यांचे फोटो जगभर गेले. त्यानंतर आठवडाभरात, ६ जुलैला, या गटांचा सखोल अभ्यास असलेले हिशाम अल-हाशिमी यांना बगदादमध्ये त्यांच्या घराबाहेर मारण्यात आलं. पुढे त्या खुनात पकडला गेलेला मुख्य आरोपी पोलीस खात्यातलाच अधिकारी होता. राज्य कुठे संपतं आणि मिलिशिया, म्हणजे असे सशस्त्र गट, कुठे सुरू होतात, ही रेघ किती पुसट आहे ते यावरून दिसावं.

दुबळेपणा मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. दुबळ्या सरकारला एकटं सोडलं की ते बलवानाशीच जुळवून घेतं. बाहेरून, जाहीरपणे, सातत्याने प्रश्न आला तर त्या सरकारातल्या ज्या थोड्या माणसांना खरोखर काही करायचं असतं, त्यांच्या हाती निदान एक कारण येतं. आमच्यावर दबाव आहे, असं त्यांना मंत्रिमंडळात म्हणता येतं. आणि हा दबाव आणण्याचं काम दूर सुरक्षित बसलेल्यांचं आहे. अमाराच्या बापाकडून ती अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. एमाला अमेरिकेत बोलता आलं, त्याला घराबाहेर पडून परत येता आलं नाही. म्हणून ज्यांच्या बोलण्याची किंमत त्यांच्या जिवाने चुकवावी लागत नाही, त्यांनी गप्प राहणं मला पटत नाही.

खंडणीचंही बोलायला हवं, कारण थकलेली कुटुंबं शेवटी तिथेच येतात आणि त्यांना दोष देणारे आपण कोण? डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण इराकच्या वाळवंटात शिकारीला गेलेला कतारचा एक ताफा पळवला गेला. त्यात तिथल्या राजघराण्यातले लोक होते. एप्रिल २०१७ मध्ये ते सुटले. त्याच सुमारास इराकचे तेव्हाचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी जाहीरपणे सांगितलं की कतारच्या विमानातून पेट्यांमध्ये भरून आलेले कोट्यवधी डॉलर बगदाद विमानतळावर जप्त केले आहेत. ज्यांच्यामागे राजघराणं आहे त्यांच्यासाठी विमान भरून पैसा येतो. सकलावियाच्या माणसांसाठी काय आलं? जून २०१६ मध्ये फल्लुजाजवळच्या या गावातून, इस्लामिक स्टेटच्या तावडीतून सुटून आलेल्या कुटुंबांमधले ६४३ पुरुष आणि मुलगे मिलिशियांनी वेगळे काढून नेले. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांसमोर आला नाही. त्यांच्या बायकांपैकी कुणाला न्यूयॉर्कचं व्यासपीठ मिळालं नाही. एलिझाबेथच्या सुटकेचा आनंद मला आहे, पण अशाच मिलिशियांनी नेलेली ही शेकडो माणसं त्या आनंदाच्या बातमीत एका ओळीनेही आली नाहीत, याचं दुःखही आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपली लाखो माणसं आखातात राबतात, समुद्रावर असतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर असतो. २ जानेवारी २०२२ रोजी ‘रवाबी’ हे जहाज येमेनच्या हुदैदा बंदराजवळ तिथल्या हुथी बंडखोरांनी पकडलं, त्यावर सात भारतीय होते. ते एप्रिलच्या अखेरीस सुटले ते ओमानच्या मध्यस्थीने. केरळचे धर्मगुरू टॉम उझुन्नालिल यांना ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधल्याच एडनच्या वृद्धाश्रमावरच्या हल्ल्यात पळवलं होतं. तेही दीड वर्षाने, सप्टेंबर २०१७ मध्ये, ओमानच्याच सुलतानांच्या प्रयत्नांनी सुटले. कैदेतून आलेल्या एका चित्रफितीत, मी युरोपातला पाद्री असतो तर माझ्याकडे अधिक लक्ष दिलं गेलं असतं, अशी व्यथा त्यांनी मांडली होती. कैदेत बोलायला लावलेली वाक्यं जपून ऐकावीत हे खरं, तरी ते वाक्य अनेक भारतीय घरांना आपलंच वाटलं असणार.

या दोन्ही सुटका शांतपणे झाल्या. मस्कतमध्ये बसून, कॅमेऱ्यांपासून दूर. मी गुप्त वाटाघाटींच्या विरोधात नाही. हुथींचं दार ओमानमार्गे उघडतं हे ज्यांना माहीत होतं त्यांनी ते उघडलं, आणि त्या वाटाघाटींचा तपशील रोज दूरचित्रवाणीवर यावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. बस्तरमध्येही हेच दिसलं. ३ एप्रिल २०२१ च्या चकमकीत २२ जवान मारले गेले आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कोब्रा पथकाचा एक जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याच्या पत्नीने जाहीर विनंती केली. पण त्याला जंगलातून परत आणायला गेले ते विनोबांचे शिष्य, नव्वदीचे धर्मपाल सैनी. १९७६ पासून ते बस्तरमध्ये आदिवासी मुलींसाठी शाळा चालवत आले आहेत आणि आश्रमाला नाव आहे विनोबांच्या आईचं, रुक्मिणीदेवींचं. ८ एप्रिलला जवान सुटला. चार दशकं त्या मातीत राहून कमावलेला विश्वास होता म्हणून जंगलाने त्यांना वाट दिली. असा मध्यस्थ ऐन वेळी तयार करता येत नाही. तो आधीपासून असावा लागतो आणि सरकारला तो माहीत असावा लागतो.

पण वाटाघाटी गुप्त ठेवणं वेगळं आणि कुटुंबाला अंधारात ठेवणं वेगळं. या दोन गोष्टींची आपल्याकडे फार सहज सरमिसळ होते. मोसुल पडलं तेव्हा तिथे बांधकामावर असलेले चाळीस भारतीय मजूर पळवले गेले, बहुतेक पंजाबचे. एक जण निसटून आला आणि त्याने सांगितलं की बाकीच्यांना गोळ्या घातल्या. त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. ठोस पुरावा नसताना कुणाला मृत म्हणायचं नाही, ही तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांची भूमिका मला समजते. त्याच वर्षी जुलैमध्ये ४६ परिचारिकांना इराकमधून सुखरूप आणण्यात त्यांच्या खात्याने केलेलं कामही मी विसरत नाही. पण चार वर्षं त्या घरांना, आमच्या सूत्रांप्रमाणे ते जिवंत आहेत, असं सांगितलं गेलं. ती सूत्रं कोणती, किती भरवशाची, शेवटची खबर कधीची, हे त्यांना कधी मोकळेपणाने कळलं नाही. मोसुलजवळच्या बदूश इथल्या एका टेकडीखाली ते पुरलेले सापडले. डीएनए जुळवून ओळख पटली. २० मार्च २०१८ रोजी राज्यसभेत निवेदन झालं, आणि आपला मुलगा, आपला नवरा गेल्याचं अनेक घरांना टीव्हीवरून कळलं. संसदेला आधी सांगण्याची प्रथा आहे हे खरं. पण राज्यसभेत उभं राहण्याआधी एकोणचाळीस फोन करायला किती वेळ लागला असता?

अमेरिकेने २०१५ पासून ओलिसांच्या सुटकेसाठी एक खास दूत नेमला आणि २०२० मध्ये त्या व्यवस्थेला कायद्याचा आधार दिला. त्या व्यवस्थेतही दोष आहेत, ओलिसांचे नातेवाईक ते बोलून दाखवतात. तरी फोन कुणाला करायचा हे त्यांना माहीत असतं. आपल्याकडे बोटीवरच्या पोराची आई भरती करणाऱ्या एजंटकडून मुंबईतल्या जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे, तिथून आमदाराकडे, तिथून दिल्लीला असे हेलपाटे घालते. परराष्ट्र खात्यात यासाठी एक कायमचा कक्ष हवा, त्यात कुटुंबाशी बोलणारा एक ठरलेला अधिकारी हवा, आणि जे सांगता येत नाही ते का सांगता येत नाही एवढं तरी सांगण्याचं बंधन त्याच्यावर हवं. इराककडून आपण वर्षानुवर्षं प्रचंड तेल घेत आलो आहोत. उद्या तिथे आपला एखादा माणूस हशदच्या एखाद्या ब्रिगेडच्या कोठडीत सापडला, तर त्या गिऱ्हाइकाच्या नात्याने पगार देणाऱ्याला जाब विचारायची तयारी आपली आजपासून असली पाहिजे.

ज्या कराराचा उल्लेख वर केला, त्याच्या चोविसाव्या कलमात बेपत्ता माणसाच्या नातेवाइकांना सत्य जाणण्याचा हक्क दिला आहे: काय घडलं, तपास कुठवर आला, माणसाचं काय झालं. तिसाव्या कलमाप्रमाणे ते थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तातडीच्या शोधाचा अर्ज करू शकतात, आणि इराकी कुटुंबांनी असे शेकडो अर्ज केले आहेत. भारताने या करारावर फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली. त्यानंतर केंद्रात सरकारं बदलली, मोसुलच्या मजुरांचे अवशेष अमृतसरच्या विमानतळावर उतरले, पण त्या सहीला मान्यता देऊन करार लागू करण्याचं काम अजून कुणी केलेलं नाही. ते या संसदेने करावं.